आजची मर्यादा संपली आहे

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे साऱ्या आमोणे गावाला ठाऊक आहे. मी सांभाळते त्या वाचनालयात कुणी पुस्तकाचं पान दुमडून परत आणलं, तर मी त्याच्या आजोबांपर्यंत जाऊन पोचते. तरी एक गोष्ट मी गौरेशला अजून सांगितलेली नाही, आणि यापुढेही सांगणार नाही.

गौरेश आमच्या शेजारच्या कृष्णनाथकाकांचा मुलगा. पर्वरीला असतो आणि वाचनालयांसाठी संगणकाचे प्रोग्राम लिहितो. त्याची आई सुलोचनामावशी आमच्या वाचनालयाची सगळ्यात खादाड वाचक. नवीन पुस्तकांचा गठ्ठा आला की मी शिक्के मारायच्या आधी ही दारात हजर. मधुमेहाने आधी तिचे पाय धरले आणि मग डोळे नेले. जनेलाकडच्या, म्हणजे खिडकीजवळच्या, खाटेवर पडून असायची. मी गेले की विचारायची, "भाग्या, कपाटांक वाळवी लागूंक ना मगे?" दुसरं काही विचारण्यासारखं तिच्याकडे उरलं नव्हतं.

काकांचा उभा जन्म खनिज वाहणाऱ्या बार्जीवर, त्या सपाट होडीवर, गेला. आमोण्याहून मुरगाव बंदरातल्या मोठ्या बोटीपर्यंत माती वाहायची आणि रिकामं परत यायचं. घरी आले की जेवायचे, झोपायचे, जायचे. बाहेर चार माणसांत माणूस गप्पिष्ट, पण बायकोशी काय बोलावं हे त्यांना कधी उमगलंच नाही. खाणी बंद पडून घरी बसले तेव्हाही नाही. खाटेपाशी एक कदेल, लाकडी खुर्ची, मांडलेली असे. तिच्यावर मी बसे, नाहीतर मांजर बसे. काका बाहेर सोप्यावर, ओसरीत.

आई अशी पडलेली बघून गौरेशने तो वाचणारा प्रोग्राम लिहिला. पुस्तकाच्या पानांचे फोटो काढायचे, की टॅब्लेट ती पानं मोठ्याने वाचून दाखवतो. पण खरं वाचण्याचं काम टॅब्लेट करत नाही. परदेशातली एक कंपनी ते इंटरनेटवरून करून देते. वाचनालयांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांना ती सेवा फुकट, पण दिवसाला ठरावीक अक्षरं. ती संपली की दुकान बंद. वाचलेला आवाज साठवून ठेवायलाही त्यांच्या नियमांत बंदी. आणि ती अक्षरं आमोणे, पाळी आणि पेडण्याकडचं पार्से अशा तीन वाचनालयांत मिळून. आम्ही त्याला रेशनवाल्यासारखा कोटाच म्हणायचो. कंपनीच्या गावी मध्यरात्र झाली की कोटा नव्याने भरायचा, आणि त्या वेळी आमच्याकडे दुपारचा हुमण-भात जेवून भांडी विसळून झालेली असायची.

काका त्या काचेला बोट लावायला तयार नव्हते. म्हणून दुपारी मी जायचे, फोटो काढायचे, यंत्र सुरू करून द्यायचे आणि वाचनालय उघडायची वेळ होईपर्यंत तिथेच बसायचे. एका डॉक्टरीणबाईच्या कुटुंबाची जाडजूड कादंबरी आम्ही लावली होती. यंत्राचा आवाज बाईचा, स्वच्छ, एकसुरी. कुणी मेलं तरी तोच, कुणाचं लग्न ठरलं तरी तोच. तरी मावशीच्या चेहऱ्यावर जे ऊन पडलं ते मी पाहिलं आहे.

आणि ऐन रंगात यंत्र म्हणायचं, "आजची मर्यादा संपली आहे." धड वाक्यही पुरं करायचं नाही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा गोष्टीतली धाकटी सून दार उघडत होती आणि दारात कोण उभं आहे ते कंपनीच्या पोटातच राहिलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझा चष्मा घरी राहिला होता. पुढचं आता उद्याच कळायचं. मावशी खाटेवर चुळबुळत म्हणाली, "आतां फाल्यां मेरेन जीव टांगणीक."

काका सोप्यावरून आत आले. खिशातून चष्मा काढला, पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि कदेलीवरच्या मांजराला उठवलं. "खंय पावलां?" म्हणाले. मी ओळ दाखवली.

काकांची शाळा चौथीची, आणि त्यानंतर वाचन म्हणजे वर्तमानपत्राचे मथळे. जोडाक्षर आलं की अडायचे, घसा खाकरायचे, मागे जाऊन पुन्हा येऊन त्याला धडक द्यायचे. एका पानाला एवढा वेळ की ती सून दार उघडून दमली असेल. पण दारात तिचा थोरला दीर निघाला तेव्हा काका थांबून म्हणाले, "हो आयलो परत? ह्याका लज ना?" आणि मावशी हसली. तिचं हसणं मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होते.

मग तो रिवाजच पडला. यंत्र थांबलं की काका आत. त्यांना गोष्टीतली माणसं आवडायची नाहीत. त्यांच्याशी ते भांडायचे, त्यांना शिव्या घालायचे, मधेच पुस्तक मांडीवर ठेवून, बार्जीवरच्या सोबत्याच्या पोराची आठवण काढून "आमच्या शिवदासाचो चेडो असोच मगो" म्हणून सुरू व्हायचे. मावशी उत्तर द्यायची. घरात जन्मभर न झालेलं बोलणं त्या कदेलीवरून व्हायला लागलं. मी उठून ओट्यावर चहा ठेवायला जायचे आणि उगाच जास्त वेळ उकळत ठेवायचे.

शनिवारी पार्सेच्या वाचनालयात शाळेची पोरं गोष्टी ऐकायला जमायची. तो दिवस आमचा कोटा लवकर संपायचा. यंत्र सुरू करताना मावशी विचारायची, "आज शेनवार मगे? पार्सेंचीं भुरगीं येतलीं?" मी म्हणायचे, येणार. ती तोंड जनेलाकडे वळवायची, पण मला दिसायचं ते दिसायचंच.

एका दुपारी गोष्टीत एक माणूस दूरगावाहून घरी पोचतो आणि तोवर घरातलं मूल गेलेलं असतं. काका तिथे आले आणि अडले. जोडाक्षर नव्हतं. मी ओट्यापाशी होते, कपबशी हातात तशीच राहिली.

काका म्हणाले, "हांव त्या दिसा येवंक जाय आशिल्लों."

गौरेशच्या आधी त्यांना एक मुलगी होती. तापात गेली. काका तेव्हा मुरगावला बोटीपाशी होते आणि दहन झाल्यावर घरी पोचले, एवढं गावाला माहीत होतं. निरोप उशिरा मिळाला असं सगळे समजत होते.

"निरोप वेळार मेळिल्लो," काका म्हणाले. "तापच तो, देंवतलो अशें दिसलें म्हाका. लोडिंग सोंपसर रावलों." म्हणजे मूल तापलेलं कळूनही ते माल भरून संपेपर्यंत तिथेच थांबले होते.

मावशीने तोंड त्यांच्या आवाजाकडे वळवलं. मग म्हणाली, "म्हाका खबर आसा. शिवदासान तेन्नाच सांगिल्लें."

"आनी तूं कांयच उलयलें ना?"

"कितें उलोवपाचें?" तिने हात पुढे केला. तो हवेत चाचपडत होता, काकांनी तो धरला. "फुडें वाचा."

काकांनी वाचलं. आवाज असा की मलाच ऐकवेना. त्या घरात एवढी वर्षं ती गोष्ट दोघांच्या मधे निजत होती, आणि कंपनीच्या कृपेने ती त्या दिवशी उठून गेली. मी त्या कंपनीला तोवर दिलेल्या सगळ्या शिव्या मनातल्या मनात परत घेतल्या.

गौरेश रविवारी यायचा. यंत्र थांबलं की त्याचा चेहरा पडायचा. आपण लिहिलेली वस्तू आपल्याच आईला अर्ध्या वाक्यावर सोडून जाते, हे त्याला लागायचं. "आई, आनीक थोडे दीस. हांव लिमीट वाडोवन घेतां," म्हणायचा.

"कशाक रे पुता? म्हाका कसलीच घाय ना," मावशी म्हणायची. पण आईच्या असल्या बोलण्याचा मुलं उलटाच अर्थ लावतात.

त्याने कंपनीला अर्ज केला. उत्तर आलं की तुमचा अर्ज मिळाला. पुन्हा केला, पुन्हा मिळाला. मग त्यांनी प्रश्न पाठवले. वाचक किती, त्यांतले सक्रिय किती, मर्यादा वाढवण्याची गरज काय. सक्रिय! आमची मावशी कुशीवरही दुसऱ्याच्या हाताने वळायची. पोराने नोकरी सांभाळून, जागून सगळं लिहिलं, प्रोग्राम दोनदा बदलला, त्यांच्या नियमात बसवला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन यायचा.

मी मावशीला म्हटलं, "ताका सांगुया गे. नाका म्हणून सांगुया."

"ना गो बाय. जीव काडून करता तो. ताका वायट दिसतलें."

"आनी तुमकां?"

उलट तिने मलाच गौरेशला काही सांगायची बंदी घातली, गळ्याची शपथ घालून.

आणि एका रविवारी गौरेश गाडीवरून उतरला तो हसतच. हातात पाववाल्या पोदेराकडचे गरम उंडे आणि मिठाईचा बॉक्स. मर्यादा वाढवून मिळाली होती. आता तिन्ही गावांनी दिवसभर ऐकलं तरी संपणार नव्हती. "आतां थांबपाची ना, आई!" म्हणाला. मावशीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "देव बरें करूं." काकांनी मिठाई खाल्ली, बरी आहे म्हणाले. चष्मा खिशात होता, तो त्यांनी उगाच बाहेर काढून पुसला आणि परत ठेवला.

त्यानंतर यंत्र वाचतच राहिलं. मी वाचनालयाला निघताना वाचत असायचं, दिवेलागणीला परत यायचे तेव्हा वाचत असायचं. डॉक्टरीणबाईंचं पुस्तक संपून दुसरं लागलं. काका सोप्यावर. मी त्यांना म्हटलं, "काका, भितर वचून वाचा ना थोडें."

"त्या मेशिनीचें एक अक्षर चुकना. तिका आतां शुद्ध वाचप मेळटा. म्हजें कित्याक आयकतली ती?"

"मावशीक तुमचेंच जाय."

"तिणें सांगलें?"

तिने सांगितलं नव्हतं. मी आत जाऊन तिला विचारलं, तर म्हणे, "जन्मभर बार्जीर राबलो तो मनीस. आतां सोप्यार वारो खाता, खावं दी. ताका कित्याक बांदून घालूं?" दोघांचीही मुंडकी एकमेकांवर आपटावीत असं मला वाटलं. एकदा मी यंत्र मुद्दाम बंद केलं आणि मोठ्याने ओरडले, "कोटा संपला!" काका धडपडत आत आले. पण मावशीनेच रात्री फोनवर लेकाला भाबडेपणाने सांगून टाकलं, आज थांबलं बरं का. तिच्या आवाजातला आनंद त्या पोराला कसा कळावा? तो दुसऱ्या दिवशी रजा काढून आला, सगळं तपासत बसला, दोष सापडेना म्हणून जेवलाही नाही. ते बघून मी पुन्हा तसं करायला धजले नाही.

शनिवार आला की मावशी अजून विचारायची, "पार्सेंचीं भुरगीं आयल्यांत?" आली असली तरी आता काही फरक पडत नव्हता.

ती गेली तो शनिवारच होता. दुपारी मी यंत्र लावून दिलं, पाणी पाजलं, वाचनालय उघडायला गेले. काका सोप्यावर सूप घेऊन चिंचेतले चिंचोके काढत होते. संध्याकाळी परत आले तेव्हा चिंचोक्यांचा ढीग झाला होता आणि आत यंत्र वाचत होतं. काका म्हणाले, "आयकता ती. आज एकदांय हाक मारूंक ना."

मी आत गेले. मावशीचा हात खाटेच्या बाहेर, कदेलीच्या दिशेने पडला होता आणि गार होता. केव्हाचा गार होता. यंत्र कुठल्याशा लग्नाच्या जेवणाचं वर्णन करत होतं. मला ते सहन होईना. आधी हाक मारावी, कुणाला बोलवावं, हे सुचलंच नाही. मी यंत्र बंद केलं.

घर एकदम शांत झालं. सोप्यावर सूप खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि काका लगबगीने आत आले. चष्मा डोळ्यांवर चढवलेला. चिंचेचे हात धोतराला पुसत म्हणाले, "थांबली मगे? खंय पावलां, दाखय."

मी कदेलीपासून बाजूला झाले. ते कदेलीवर बसले. त्यांनी तो हात उचलला, आणि मग तो तसाच धरून बसून राहिले. लेकीच्या वेळी ते मुरगावला होते. या वेळी दाराच्या पलीकडेच होते, आणि तरी उशीरच झाला.

तिसऱ्या दिवशी गौरेश त्याच सोप्यावर टॅब्लेट मांडीवर घेऊन बसला होता. रडून रडून डोळे सुजलेले. "बाबा, हांवें तपासून पळयलें," म्हणाला. "त्या दनपारा सगळें सुरळीत चलतालें. एकदांय खंड पडूंक ना. शेवटाक तिका एकटी पडून रावचें पडलें ना, न्हय?"

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मी काकांकडे पाहिलं. ते उठून त्याच्याजवळ बसले, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ना रे पुता. तुजी मेशीन एक खीणभर सुद्दां थांबली ना."