सोमवारचं औषध

रम्याचं लग्न झालं त्याच वर्षी तिच्या आईच्या, सोयराबाईंच्या, गर्भपिशवीच्या तोंडाशी कर्करोग निघाला. रोज किरणांचा शेक आणि दर सोमवारी सलाईनमधून औषध, असं दोन्ही बरोबरीनं ठरलं. डॉक्टर दिव्यश्रींनी समजावलं होतं, औषधानं गाठ हळवी होते, मग शेक तिला नीट लागतो. मात्र औषधाचा भार मूत्रपिंडांवर पडतो, पाणी भरपूर प्यायचं.

मुलगा गिरीराज शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला नोकरीला, तेव्हा जयनगरच्या घरून सासूला नेणं-आणणं सून शिवलीलेकडे आलं.

सोयराबाईंचा सोमवार निर्जळी. गिरीराज तान्हा असताना तापातून वाचला, तेव्हा बोललेला नवस. दिवेलागणीपर्यंत घोट नाही. आजारपणात सोडला असेल, असं शिवलीला धरून चालली होती. पण एका सोमवारी दवाखान्याच्या दारात सासूनं पाण्याची बाटली झाडाच्या बुडाशी रिकामी केली.

"तोंड उघडलंस तर उद्यापासून मी रिक्षात पाय ठेवणार नाही," सोयराबाईंनी बजावलं.

आत रक्ताचा रिपोर्ट आला. मूत्रपिंडाचा आकडा चढला होता. पाणी पिता ना, डॉक्टरांनी विचारलं. स्वल्प जास्तच पिते, सोयराबाई म्हणाल्या. मग हे औषधच सोसत नाही, असं म्हणून डॉक्टरांनी पेन उचललं. औषध कायमचं बंद, नुसत्या शेकावर होईल तेवढं होईल.

बोलावं तर सासू शेकही सोडेल, गप्प बसावं तर औषध गेलं. सासू तिच्याकडेच बघत होती.

"डॉक्टर, सासूबाई सोमवारी पाणी पीत नाहीत," ती म्हणाली. "आजही थेंब नाही."

"सुनेची जीभ माहेरूनच धार लावून आलीय," सोयराबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अम्मा, औषध बुधवारी देऊ. पण आकडा उतरला तरच. सोमवारी अन्न सोडा, पाणी सोडू नका. सरी? ठीक आहे ना?"

सोयराबाईंनी सरी म्हटलं नाही. त्या दिवशी शेक झाला, शिरेतून पाणी चढलं. शिरेतलं पाणी तोंडाला लागत नाही, एवढंच त्या नर्सला म्हणाल्या. घरी सुनेशी अबोला.

मंगळवारी शिवलीला रिक्षा थांबवून उभी राहिली. रिक्षावाला कुरकुरू लागला. शेवटी सोयराबाई आल्या, मधे पिशवी ठेवून बसल्या आणि तोंड फिरवून बाटलीतून दोन घोट प्यायल्या.

पुढच्या आठवड्यात आकडा उतरला. राहिलेलं औषध बुधवारी गेलं.

आजार दोन वर्षं गप्प होता, मग फुप्फुसात निघाला. सोयराबाई माघ महिन्यात, घरीच वारल्या.