फेकलेली डिश

"सर, तुमच्या या पेशी चांगल्या पेशींनाही मारतात का हो?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, विचारून दाखव! शाळेतून आम्हाला प्रयोगशाळा बघायला नेलं होतं, आणि हे सर म्हणजे तिथले प्रमुख, म्हणजे माझे सख्खे बाबा. पण वक्तृत्वात पहिली आल्यापासून मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. स्वतःच्याही.

पडद्यावर रक्तातल्या टी पेशी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर तुटून पडत होत्या. पेशी वाढवायच्या काचेच्या डिशमध्ये नुसता लगदा उरला.

"कुणाला मारायचं ते त्यांना आम्ही शिकवलंय," बाबा म्हणाले. "तुलाही कुणीतरी शिकवायला हवं, कधी गप्प बसायचं ते."

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मग मीही पेटले.

"टी पेशी कुणाच्या?"

"एका निरोगी माणसाच्या."

"आणि कर्करोगाच्या?"

"एका बाईच्या. झालं?"

"म्हणजे दोघं एकमेकांना परकेच! मग परक्या दिसल्या म्हणूनच मारल्या नसतील कशावरून?"

हसणं बंद. आई तिथेच पेशी वाढवायचं काम करते. ती उगाचच हातमोजे काढत-घालत राहिली.

घरात पाऊल टाकताच बाबा कडाडले. "चारचौघांत बापाची अब्रू काढतेस?"

"उत्तर द्या, मग नाही काढत! त्याच बाईच्या निरोगी पेशींवर टी पेशी सोडून बघितल्या का?"

"बघितल्या," आई म्हणाली. "त्याही मेल्या."

"तू मध्ये पडू नकोस!"

"का नको? 'डिश खराब झाली असेल, फेकून दे,' म्हणालात. मी मुकाट्याने फेकली. तोच प्रयोग पुन्हा लावू का विचारलं, तर अंगावर आलात."

बाबांच्या बहिणीला, माझ्या आत्याला, हाच कर्करोग आहे. डॉक्टर ऑपरेशनसाठी तिच्या मागे लागलेत, आणि ती आम्हाला फोनवर खुशाल सांगते, "दादाचं ते पेशींचं औषध येतंय ना, कशाला कापाकापी?" बाबा शेजारीच बसून ऐकतात आणि हूं की चूं करत नाहीत.

"आत्याला औषधासाठी थांबू नकोस म्हणून का सांगत नाही?"

"आशेवर जगतेय ती. तेवढीही हिसकावू?"

"आशेवर नाही, तुमच्या थापेवर!"

बाबांचा हात वर गेला. आईने तो वरच्या वर धरला.

"मारा खुशाल," मी म्हणाले. आवाज जरासुद्धा कापला नाही, देवाशपथ. "उद्या मी शाळेत जाणार नाही. आत्याकडे जाणार आणि त्या डिशचं सगळं सांगणार. तिच्याबरोबर डॉक्टरांकडेही मीच जाणार. तुम्हा दोघांपैकी कुणाला यायचं असेल, तर सकाळी तयार राहा."