सगळ्यांसमोर वाचायची पत्रं

समोरून वारा असा सुटला होता, की सकाळी सातला निघालेले आम्ही दहा वाजता पाहतो तर कालच्याच मुक्कामाच्या फाटकात उभे. खोटं वाटत असेल तर दातांच्या डॉक्टरांना विचारा. ते माझ्या पुढे होते, म्हणजे माझ्याआधी मागे पोचले. बरं, फाटक नसेल. फाटकाजवळचं झाड असेल. वारा मात्र होता.

आम्ही नऊ जण सायकलींवरून सहा वस्त्या बघायला निघालो होतो. मातीच्या घरांत राहणारी, आपलं धान्य आपणच पिकवणारी, सांडपाणी झाडांना सोडणारी माणसं. तिसऱ्या वस्तीत तर सगळं उन्हावर शिजायचं. ढग आला आणि दुपारचं जेवण आम्हाला दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्याला मिळालं. आमच्या म्होरक्या, भूगोलाच्या बाई, हे सगळं वहीत टिपून घ्यायच्या. मला बरोबर घेतलं ते पंक्चरसाठी. एकेचाळीस वर्षं सायकल दुरुस्तीचं दुकान चालवलंय. रस्त्यात बसून डगमगणाऱ्या चाकाचा आऊट काढून ते सरळ करून देणारा म्हातारा फुकट मिळाला तर कोण सोडतो?

बाकीचे शिकायला निघाले होते. मी निघालो होतो चौथ्या वस्तीसाठी. माझी लेक नऊ वर्षं तिथं राहते, आणि तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली हे मला तिला सांगायचं होतं.

दोन वर्षं काय झोपा काढल्या, असं विचाराल. त्या वस्तीत फोन ठेवत नाहीत. महिन्यातून एकदा टपाल. बायकोला लिहिता येत नसे. ती मोजे विणता विणता सांगायची आणि मी तिखटमीठ लावून लिहायचो. छत्री हरवली म्हणाली, की माझ्या पत्रात ती उलट्या छत्रीत बसून नदी ओलांडायची. मी स्वतः पत्रांत दोनदा मेलो होतो आणि दोन्ही वेळा जेवायच्या वेळेला परत आलो होतो. "अहो, बाकी काय फेकायचं ते फेका," ती म्हणायची, "तब्येतीचं तेवढं खरं लिहा."

ती गेली त्याच्या चौथ्या दिवशी लेकीचं पत्र आलं. 'आईला विचारा, मोज्याची टाच कशी वळवायची? माझी दर वेळी भोकं राहतात.'

पेन घेऊन बसलो. पहिली ओळ काही उतरेना. मग शेजारच्या वहिनींकडे गेलो, टाच विचारून घेतली आणि लिहिली. आईच्या नावानं. म्हटलं, पुढच्या पत्रात सांगू. पुढचं पत्र आलं, 'टाच जमली! आईला सांगा.' आता कुणाला सांगू? अशी तेवीस पत्रं झाली.

वस्तीच्या वाटेवर लेक उभी होती. केसांत पांढरं आलेलं, हात कोपरापर्यंत चिखलात. तिनं आधी माझ्या पाठीमागे पाहिलं.

"आई नाही आली?"

"तिला कुठं सायकल येते," मी म्हणालो.

"वा! गेल्याच महिन्यात शिकली ना? पोस्टमनला शर्यतीत हरवलं म्हणे!" हे बोलला एक गवंडी, ज्याला मी जन्मात पाहिला नव्हता.

तेव्हा कळलं, की इथं पत्र एकट्यानं वाचायचं नसतं. बाहेरून आलेलं बियाणं सगळ्यांचं, पुस्तक सगळ्यांचं आणि टपालही सगळ्यांचं. टपालाच्या दिवशी जेवणानंतर उभं राहून वाचायचं. दोन वर्षं चाळीस माणसं माझ्या बायकोचे पराक्रम ऐकत बसली होती.

"चला, खोली दाखवते," लेक म्हणाली. "गवंडीकाकांनी आईसाठी बांधलीय. उंबरा नाही ठेवला. गुडघ्यांमुळे."

खोलीत ओल्या मातीचा वास होता. भिंतीत पलंगाच्या उशाशी छोटा कोनाडा होता. "लोकर ठेवायला," गवंडी म्हणाला. मी मान हलवली.

जेवणं झाली. "आज पत्रच चालत आलंय!" लेक हसत म्हणाली. "उठा बाबा!"

मी उठलो. "ती गेली," म्हणालो. "दोन वर्षं झाली."

मग गवंड्यानं टेबलावर थाप मारली. "आणि वरच्या लोकांशी भांडून जेवायला परत आली असेल!"

चाळीस माणसं हसली. माझी लेकही हसली, अगदी तिच्या आईसारखी, तोंडावर हात धरून. हसता हसता तिचं लक्ष डॉक्टरांकडे गेलं. ते आमच्या गल्लीतलेच, त्या दिवशी खांदा द्यायला आलेले. त्यांनी चमचा खाली ठेवला होता आणि ते ताटात बघत होते.

लेकीचा हात तोंडावर तसाच राहिला.

तिनं मला दंडाला धरून त्या खोलीत नेलं.

"टाच कुणी सांगितली?"

"शेजारच्या वहिनींनी सांगितली."

"माझा पाय मुरगळला तेव्हा शेक घे म्हणाली, ते?"

"मी."

"ते पत्र मी उशीखाली घेऊन झोपले, बाबा."

तिनं कोनाड्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "शेवटी काय म्हणाली?"

या प्रश्नाची तयारी मी तीनशे किलोमीटर करत आलो होतो. एका उत्तरात ती लेकीचं नाव घ्यायची, एकात आशीर्वाद द्यायची. सगळी जिभेवर होती.

"पाणी आणा म्हणाली. मी घेऊन आलो तोवर..."

"माझं नाव?"

"नाही घेतलं."

ती भिंतीला टेकून खाली बसली. रडली नाही. "उद्या जेवणानंतर उभं राहायचं," ती म्हणाली. "या सगळ्यांचीही ती कुणीतरी होती. आजारापासून सांगायचं. आणि एक शब्द वाढवलात तर मी उठून जाईन."

दुसऱ्या दिवशी बाकीचे आठ जण पाचव्या वस्तीकडे निघाले नाहीत, थांबले. मी उभा राहिलो. खोकला, मग ताप, मग दवाखान्यातले सहा दिवस, मग घरी आणलं, मग पाणी. कुठं छत्री नाही, नदी नाही. चार मिनिटांत संपलं. इतकं लहान होतं ते.

कोणी हसलं नाही. माझी लेक समोर बसली होती, उठून गेली नाही. गवंडी सवयीनं पुढे झुकून बसला होता.

"मग?" त्यानं विचारलं.

"मग काही नाही," मी म्हणालो आणि खाली बसलो.