पितळेवर कोरलेलं नाव

सासूबाई आल्यापासून आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, आणि त्यांचा हा लेक, म्हणजे माझा नवरा उल्हास, बेसमेंटमध्ये काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घडवत बसला होता.

कारण फेलिक्स. मूळचा वसईचा, इथे कॅल्गरीत आमच्या समोर राहतो. नऊ वर्षं अप्लाय केल्यावर यंदा त्याला मूसच्या, म्हणजे इथल्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीचा टॅग, म्हणजे परवाना, मिळाला. त्याला न्यायची होती त्याच्या वारलेल्या सासऱ्यांची जुनी अर्जेंटिनाची रायफल, आणि तिची काडतुसं कुठल्याच दुकानात मिळेनात. उल्हास म्हणाला, त्यात काय, थर्टी-ऑट-सिक्स या नेहमीच्या मापाच्या रिकाम्या पुंगळ्या ढिगानं मिळतात, त्या दाबून-कापून तुझ्या मापाच्या करतो. दारू आणि गोळी तू तुझ्या घरी भर.

का म्हणाला, ते मला ठाऊक होतं. मार्चमध्ये कंपनीनं त्याला घरी बसवलं. धातूंमधला एवढा हुशार इंजिनिअर, आणि आठ महिने नुसती ग्रोसरी आणत होता. कुणाचा फोन आला की वॉशरूममध्ये जाऊन बसायचा. एवढं एक काम तरी त्याच्या हातून नीट होऊ दे, असं मी रोज देवाला म्हणत होते. तोंडानं अर्थात कटकटच चालू होती.

पन्नास पुंगळ्या आणल्या. एकेक पुंगळी तोंडाकडून तापवायची, तेलाचा हात फिरवायचा, साच्यात दाबायची, सेंटिमीटरभर कापायची. तेल कमी पडलं की पुंगळी साच्यात रुतून बसायची, जास्त झालं की तिला पोचा यायचा. तीस वाया गेल्या. वीस मात्र अशा उतरल्या की बघत राहावं. राहिलं एकच. बुडावर अजून जुनंच माप छापलेलं होतं, आणि त्या मापाची दुसरी रायफलही फेलिक्सकडे होती. चुकून तिच्यात ही काडतुसं गेली तर जिवाशी खेळ. म्हणून नवं माप कोरणं भाग होतं.

शुक्रवारी उल्हास विंटर टायर लावायला गेला. जाताना आईला सांगून गेला, तुझा हात स्थिर आहे, एवढं कोरून ठेव, काय कोरायचं ते कागदावर लिहिलंय.

सासूबाईंनी कागद उघडलासुद्धा नाही. पितळेवर काय कोरतात हे त्यांना कुणी शिकवायला नको. वीसच्या वीस बुडांवर, कडेकडेनं, सुबक अक्षरात त्यांनी 'उल्हास' घातलं.

तो आला आणि पांढराफटक पडला. मापाला जागाच उरली नव्हती.

"आई, हे काय केलंस?"

"नाव नको घालायला? शेजाऱ्याकडे गेलेलं भांडं बिननावाचं परत येतं होय?"

मी सासूबाईंना काय काय बोलले ते सांगत नाही. तेवढ्यात फेलिक्सच दारात उभा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, एक पुंगळी उलटी करून वाचली.

"बरंच झालं की," तो म्हणाला. "आकडा मी घाईत चुकीचा वाचीन. तुझं नाव दुसऱ्या रायफलीत कधी घालणार नाही."

तरी उल्हासनं डब्यावर लाल शाईनं माप लिहिलंच.

पुढच्या शनिवारी आम्ही शूटिंग रेंजवर गेलो. उणे बारा. मी गाडीत हीटर लावून बसले, काच बोटभर खाली. फेलिक्सनं पाच गोळ्या झाडल्या. पाचही पुंगळ्या अखंड बाहेर आल्या, एकीलाही चीर नाही. माझा जीव भांड्यात पडला.

शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यानं त्यातली एक उचलली आणि विचारलं, हे कुणाचं काम? त्याच्याकडेही तसलीच रायफल होती, काडतुसांवाचून वीस वर्षं पडलेली. मला वाटलं, उल्हास आता फेलिक्सकडे बोट दाखवून मागे सरकणार.

"माझं," उल्हास म्हणाला.

मग तो सांगत सुटला. किती तापवायचं, तेल किती, पुंगळीचा खांदा कसा बसवायचा, चूक कुठे होते. हातवारे करत, चक्क चाळीस मिनिटं. मला कडकडून भूक लागली होती, पाय गारठले होते. एरवी मी हॉर्नवरचा हात काढला नसता. त्या दिवशी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले.