महागड्या डोळ्याची स्वस्त बंदूक

माझ्या अंगावरचे लाकूड अक्रोडाचे दिसते, पण आहे स्वस्तातल्या बर्चचे. कारखान्यात त्याला तपकिरी रंग चढवला, इतकेच. माझ्या चापाभोवतीची कडी धातूची नाही, प्लॅस्टिकची आहे. जाणकार माणूस मला हातात घेतो तेव्हा आधी या दोन गोष्टी बघतो आणि मग काही न बोलता परत ठेवतो. मित्रांनो, मी शिकारीची बंदूक आहे, स्वस्तातली, आणि आता बरीच जुनी झाले आहे. अमेरिकेतल्या मिशिगनच्या उत्तर टोकाला, मोठ्या सरोवराजवळच्या एका घरात, कोटांच्या कपाटात मी उभी असते.

ज्यांनी मला घडवले त्यांना पैसे कुठे वाचवायचे हे ठाऊक होते. लाकडात वाचवले, झिलईत वाचवले, कोरीवकाम तर केलेच नाही. नळीत मात्र वाचवले नाहीत. नळीच्या आत वळत जाणाऱ्या खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरते, आणि फिरते म्हणून डगमगत नाही. त्या खाचा माझ्यातही तितक्याच नीट पाडल्या आहेत. फक्त त्या बाहेरून दिसत नाहीत.

गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मी बर्फ ओढायच्या फावड्यांशेजारी उभी होते. तिथे मला ओन्नी सारेलाने घेतले. तो तेव्हा कागदाच्या गिरणीत नुकताच लागला होता. त्याने मला खांद्याला लावले, खाली घेतले आणि म्हणाला, "चालेल." ओन्नीच्या तोंडून एवढे निघाले म्हणजे पुष्कळच. त्याच दुकानातली एक लहान दुर्बीण त्याने माझ्या पाठीवर बसवली. तीही स्वस्तच होती. तिच्यात डोळा लावला की एक बारीक काळी फुली दिसायची.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण माझी सगळी कथा तिच्यावर उभी आहे. दुर्बीण बघते आणि नळी मारते. या दोघी वेगळ्या. दुर्बिणीतली फुली जिथे टेकते तिथेच नळीतली गोळी पोचेल असे आपोआप होत नाही, ते जुळवावे लागते. त्यासाठी ओन्नी दर शरदात मला खडीच्या जुन्या खाणीत न्यायचा. समोरच्या ढिगाऱ्यावर जेवणाची कागदी थाळी खोचायचा, मला पोत्यावर टेकवायचा आणि गोळी झाडायचा. चालत जाऊन भोक बघायचा, परत यायचा, दुर्बिणीचा स्क्रू किंचित फिरवायचा. भोक थाळीच्या मधोमध पडेपर्यंत त्याचे हे चालायचे. तिथे तो कधी घाई करत नसे.

पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो. त्या दिवशी आमच्याकडे शाळासुद्धा बंद असतात. आदल्या दिवशीच सगळे जंगलातल्या लाकडी खोपटात राहायला जातात. ओन्नीच्या खोपटात त्याचा मेहुणा हार्वी टर्वो असायचा. हार्वीची बंदूक खऱ्या अक्रोडाची, दुर्बीण परदेशी, बूट गरम होणारे. खोपटाच्या भिंतीवर खिळ्यांची एक रांग होती आणि त्यांवर शर्टांच्या चिंध्या लटकत होत्या. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचे मागचे टोक कापून तिथे टांगायचे, अशी तिथली रीत. त्या रांगेत हार्वीचे शर्ट चांगलेच ओळखू यायचे.

"अरे ओन्नी, ती काठी अजून फेकली नाहीस?" हार्वी दरवर्षी विचारायचा.

"तुझे शर्ट संपले की फेकतो," ओन्नी म्हणायचा आणि कॉफी ओतायचा.

सगळे हसायचे. हार्वी सगळ्यांत मोठ्याने. तो टोमणे मारायचा, पण मनाने चांगला होता.

ओन्नीचा एकही शर्ट त्या भिंतीवर नव्हता. त्याचा त्याला गर्व नव्हता, पण एक नियम होता. एकदा जेवताना तो हार्वीला म्हणाला होता, "माझ्या हातून जनावर जखमी होऊन सुटलं ना, की त्या दिवशी मी बंदूक ठेवली. पुन्हा इथे यायचं नाही." हार्वीने तेव्हा ते थट्टेवारी नेले. मी नेले नाही. ओन्नीचे बोलणे मोजके असते आणि तो ते पाळतो.

त्याची बायको हेल्मी गेली, गिरणीतून तो निवृत्त झाला, आणि मग वर्षभरात त्याला वाट बघण्यासारखे ते खोपटच उरले. तिथल्या चुलीजवळची खाट, हार्वीची बडबड, पहाटेचे मचाण. मी त्याच्या खांद्याला टेकलेली असायचे, म्हणून मला कळायचे. मचाणावर बसला की त्याचा श्वास सावकाश व्हायचा.

पण त्याची नजर मंद होत चालली. माझी दुर्बीणही म्हातारी झाली होती. पहाटेच्या अंधुक उजेडात तिच्यातून सगळे राखाडी दिसायचे. एका मोसमात समोर आलेले हरीण त्याने तसेच जाऊ दिले, कारण डोक्यावर नराची शिंगे आहेत की मागच्या फांद्या, हे त्याला ठरवता येईना. हे त्याने मुलीला सहज फोनवर सांगितले.

मुलगी कारीन, दूर दक्षिणेतल्या शहरात नर्स आहे. उन्हाळ्यात ती घरी आली आणि साफसफाई करून आणते, एवढेच सांगून मला गाडीत घालून घेऊन गेली. शहरातल्या मोठ्या दुकानात तिने माझ्यासाठी दुर्बीण निवडली. त्या दुर्बिणीच्या किमतीत माझ्यासारख्या चार बंदुका आल्या असत्या. जुनी दुर्बीण काढून त्यांनी एका खोक्यात टाकली. खोटे कशाला सांगू, नवी दुर्बीण खरोखरच उत्तम होती. तिच्या काचांतून संध्याकाळसुद्धा सकाळसारखी दिसायची.

दुकानातल्या माणसाने माझ्या नळीच्या तोंडात लेझरचा दिवा बसवला, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पाडला आणि दुर्बिणीची फुली त्या ठिपक्यावर आणली.

"झालं जुळवून," तो कारीनला म्हणाला. "ढोबळ आहे हं. एकदा कागदावर उडवून बघा म्हणावं."

"हो हो, सांगते," कारीन म्हणाली. तिला रात्रपाळीला जायचे होते.

लेझरचा उजेड सरळ रेषेत जातो. गोळी तशी जात नाही. ती निघताक्षणी खाली पडू लागते, आणि निघताना माझी नळी आपल्या स्वभावाप्रमाणे किंचित थरारते. माझा थरार कसा आहे हे दिव्याला कळत नाही. ते फक्त कागदावरच्या भोकावरून कळते. मला मात्र लगेच कळले. शंभर पावलांवर फुली जिथे असेल, त्याच्या उजवीकडे आणि खाली वीतभराहून जास्त अंतरावर माझी गोळी जाणार होती. पण मला तोंड आहे ते फक्त गोळी जाण्यापुरते.

मोसमाच्या आदल्या दिवशी दुपारी कारीन मला घेऊन आली. त्या वर्षी तीही खोपटावर येणार होती. ओन्नीने नव्या दुर्बिणीतून अंगणातल्या झाडाकडे पाहिले आणि बराच वेळ मला खाली ठेवले नाही. "पाइनची एकेक सुई दिसतेय," तो म्हणाला.

मग तो आत गेला आणि कागदी थाळ्या आणि काडतुसांची पेटी घेऊन बाहेर आला.

"हे कशाला, बाबा?"

"खाणीत जाऊन येतो जरा. बघतो कशी बसलीय."

"अरे, दुकानात लेझरने जुळवून दिलंय सगळं. इतकी भारी दुर्बीण आणि तू तुझी थाळी घेऊन निघालास!" ती हसली. हसताना तिचा चेहरा थोडा पडला. "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

ओन्नी तिथेच उभा राहिला. आमच्याकडे दिलेल्या भेटवस्तूत खोट शोधत नाहीत. त्यात ती मुलीने दिलेली.

"नाही गं, तसं काही नाही," तो म्हणाला आणि थाळ्या परत फडताळात ठेवून आला.

मी त्याच्या हातातच होते. मित्रांनो, ओरडता आले असते तर मी तेव्हा ओरडले असते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना हरणाचा नर आला. देवदारांच्या दलदलीतून निघून तो उघड्यावर आडवा उभा राहिला, तोंड डावीकडे. नव्या काचेतून त्याच्या पापण्यासुद्धा दिसत होत्या. ओन्नीने फुली खांद्यामागे, बरोबर काळजावर टेकवली. त्याने श्वास अर्धा सोडला आणि थांबवला. बोट इतके अलगद मागे आले की मलाही ते उशिरा कळले. इतक्या वर्षांत त्याने इतकी चांगली गोळी कधी झाडली नसेल.

गोळी पोटात लागली. नर पाठीत वाकला आणि दलदलीत शिरला.

ओन्नी मचाणावरून खाली उतरला. बर्फावरचे रक्त गडद होते आणि त्यात हिरवट घाण होती. त्याला काही विचारावे लागले नाही. काळजावर लागलेले जनावर लगेच पडते. पोटात लागलेले तासन्‌तास जगते. तो थोडा वेळ थांबला, मग हार्वी आणि कारीनला घेऊन मागावर निघाला. दुपारी बर्फ पडू लागला. ठिपके आधी फिके झाले, मग एकेक करून झाकले गेले. ओन्नी गुडघ्यांवर बसून हाताने बर्फ बाजूला सारत राहिला. मी त्याच्या पाठीवर होते. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, आणि तो सावकाश नव्हता.

"चल आता, ओन्नी," हार्वी म्हणाला. "अंधार पडेल."

"तू जा. येतो मी."

"बाबा, पुरे. तुझे हात बघ, निळे पडलेत."

नर सापडला नाही.

खोपटात हार्वीने हातमोजे वाळत घातले, आणि काहीतरी हलके बोलायला हवे म्हणून म्हणाला, "चला, शेवटी तुझाही शर्ट भिंतीवर!"

ओन्नीने शर्टाचे मागचे टोक पॅंटमधून बाहेर ओढले. "कात्री दे."

"अरे, थट्टा केली मी."

"रीत आहे ना? दे इकडे."

हार्वीने कात्री दिली नाही. ओन्नीने ती स्वतः फळीवरून घेतली, हात मागे नेऊन तुकडा वेडावाकडा कापला आणि खिळ्यावर टांगला.

कारीन हळूच म्हणाली, "दुर्बिणीत तर काही नसेल ना?"

"या दुर्बिणीत?" हार्वी म्हणाला. "अगं, या काचेसाठी लोक घर गहाण टाकतात. चुकली असेल तर ही बंदूक. बर्चचं लाकूड आहे, दमट हवेत वाकतं. मी किती वर्षं सांगतोय."

"बंदुकीला काही बोलू नको," ओन्नी म्हणाला. "ती होती तशीच आहे. हात माझे गेलेत."

मित्रांनो, तिथे तिघे होते. एकाने माझ्यावर संशय घेतला, एकाने स्वतःच्या हातांवर. एकीने खरे ते विचारले आणि किमतीचा विषय निघताच तो प्रश्न सोडून दिला. मी कोपऱ्यात उभी होते. ओन्नी माझी बाजू घेत होता आणि त्याची बाजू घेणारी एकटी मीच होते, तीही मुकी.

पुढच्या नोव्हेंबरात हार्वी दारात आला. "चल रे. तुझी खाट कुणाला देत नाही मी."

"मांस-बटाटा भरलेल्या पास्ट्या भाजल्यात. गरम आहेत तोवर घेऊन जा."

"बंदूक नको आणूस. नुसता चुलीपाशी बस. माझी बडबड कोण ऐकणार?"

"नुसतं बसायला घरी खुर्ची आहे," ओन्नी म्हणाला. आणि टोपली हार्वीच्या हातात देऊन दार लावून घेतले.

संध्याकाळी कारीनचा फोन आला. तो म्हणाला, "दुर्बीण छानच आहे गं. दोष कसला तिच्यात." मग फोन ठेवून त्याने मला कपाटातून काढले. मी रिकामी आहे ना हे पाहिले, तेलाच्या फडक्याने पुसले आणि खिडकीतून बाहेर धरले. कुंपणावर एक लहान पक्षी दाणे टिपत होता. फुली त्याच्या छातीवर टेकली आणि जरासुद्धा हलली नाही.

"दिसतंय तर सगळं," तो पुटपुटला.

त्याने मला मांडीवर आडवे ठेवले आणि आपले दोन्ही हात दिव्यासमोर धरून उलटेपालटे करून बघत बसला.

मित्रांनो, त्या हातांत काहीही बिघडलेले नाही. हे जगात फक्त मला ठाऊक आहे, आणि मी कपाटात असते. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरात कोणी असे स्वतःचे हात बघत बसले असेल, तर त्या हातांतली वस्तू एकदा तपासून बघा. ती नवी असली तरी बघा, महाग असली तरी बघा. आणि प्रेमाने दिलेली असली, तर सगळ्यांत आधी बघा.