म्हशीच्या वाटेवरून माघारी वळलेली मोपेड

मित्रांनो, आज मी आपणांसमोर माझ्या जीवनाचा वृत्तांत आणि त्यात घडलेला एक कठीण प्रसंग कथन करणार आहे. तरी शांतचित्ताने श्रवण करावे, ही विनंती. शांतता मला स्वतःला मात्र लाभलेली नाही.

मी एक जुनी मोपेड आहे. माझे मालक संभाजीराव हे भवानीनगरचे रहिवासी. बारामतीच्या एका कारखान्यात ते कामास होते आणि मी त्यांना रोज पाळीवर नेत असे. "हिच्यापुढं नवी गाडी झक मारती," असे ते चारचौघांत म्हणत, तेव्हा माझा ऊर भरून येई.

पुढे मालकांचे पतसंस्थेचे कर्ज थकले. तेव्हा लेखी तडजोड झाली. झेपेल एवढा हप्ता भरावा, दंडव्याज माफ. परंतु एकरकमी पैसा हाती आल्यास तो खर्चण्याआधी संस्थेस कळवावे, अशी अट होती. जामीनदार होते मालकीणबाई सारजा यांचे चुलते, कळसचे गेणबा तात्या.

अशातच कारखान्याने कामगार कमी केले. मालकांची नोकरी गेली आणि भरपाईची रक्कम खात्यात आली. त्या दिवसापासून घरात कोणी स्वस्थ बसेना.

"समदं पैसं कर्जात घेतील. मग चुलीत काय घालू, माझं हात?" मालकीणबाई म्हणाल्या. "त्यापरीस माझ्या नावानं म्हस घ्या. म्हस काय कोण ओढून न्हेत न्हाय."

मालकांना ते पटले. पैसे काढून दोघे म्हैस घ्यायला कळसच्या वाटेला लागले. मालकीणबाईंच्या मांडीवर नवे दावे होते आणि माझे इंजिन धडधडत होते. गावाच्या तोंडाशीच गेणबा तात्या भेटले. जावयाला रागे भरणे त्यांना शोभणारे नव्हते.

"जावईबापू, दावं नवं दिसतंय. काम गेलं आन् म्हस आली व्हय? झ्याक! मंग तुमचा हप्ता माझ्या उसाच्या बिलातनं कापायला सांगू का?"

मालकांची मान खाली गेली. मालकीणबाई हळूच म्हणाल्या, "तात्या, पोटाचं भ्या वाटलं वो."

"भ्या वाटलं तर इचारायचं, सारजा. लपवायचं न्हाय. चला, मी बी येतो."

मी तिथूनच वळले. तात्या मागून एस.टी.ने आले.

पतसंस्थेत वृषालीताई नावाच्या अधिकारी होत्या. त्यांनी सर्व ऐकून घेतले.

"म्हैस घेतली असती तर तडजोड मोडली असती आणि वसुली तात्यांवर गेली असती," त्या म्हणाल्या. "पण सगळी भरपाई आम्ही मागत नाही. नवं काम मिळेपर्यंतचा घरखर्च तुमच्याकडे ठेवा. उरलेली रक्कम कर्जात भरा. हप्ता कमी करायचा अर्जही आत्ताच द्या."

"आन् ही गाडी?" मालकांनी बाहेर बोट दाखवले.

"ती राहू द्या. काम शोधायला पायी जाणार का?"

मित्रांनो, आता आम्ही रोज इंदापूर, भिगवण, बारामती असे काम शोधत हिंडतो. मालक कोणाच्याही दारात मला चालूच ठेवून आत जातात. कारण मी बंद पडले तर पुन्हा चालू होईनच, असा भरवसा त्यांना उरलेला नाही. आतून ते काय निरोप आणतील, या विचाराने मी उभ्या जागी थरथरत असते.

म्हणून हात जोडून सांगणे एवढेच, की नोकरी जाऊन आलेला पैसा घाबरून लपवू नका. ज्यांच्याशी करार केला त्यांना आधी विचारा. आपल्या शब्दाखाली दुसऱ्याचे घर उभे असते. आणि जुन्या गाडीला वेळेवर तेल घाला. तिला अजून पुष्कळ दारांपुढे उभे राहायचे आहे.

हे कथन आपण वाचलेत, याबद्दल मी सर्व वाचकांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

मोपेडचे हे मनोगत लिहून काढणारा, आपला नम्र,
शंभूराज किसन खारतोडे,
भवानीनगर