तुमचं ‘येतो’ की आमचं?

दिनकर बेडेकर पुण्याहून ऱ्हाइनच्या बंधाऱ्यांचं काम शिकायला जर्मनीतल्या क्लेवं गावी आला आणि पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. बाहेर पडताना तो घरमालकिणीला म्हणाला, "इश कोमं." म्हणजे आपलं ‘येतो’. फ्राऊ टेरहोर्स्टना वाटलं, जेवायला येतोय; त्यांनी लगेच सूप वाढलं, आणि हा गेला सायकलवरून निघून! सूप गार झालं, बाई तापल्या.

"आमच्याकडे ‘जातो’ म्हणत नाहीत," दिनकरने समजावलं. "म्हटलं तर माणूस परत येत नाही, असं मानतात."

चव्वेचाळीस साली बाईंचा नवरा ‘जातो’ म्हणूनच आघाडीवर गेला होता, तो परतलाच नव्हता. तेव्हापासून दिनकरचं ‘येतो’ त्या घरात चालू लागलं.

पुढे पुण्यात त्याची बायको, स्नेहलता, विषमज्वराने गेली. तार आली तेव्हा सगळं उरकलं होतं. मग दिनकर बाहेर पडताना काहीच म्हणेनासा झाला. ‘या’ म्हणणारंच राहिलं नव्हतं.

बासष्टच्या एप्रिलात एका रविवारी दारात एक कॅनेडियन येऊन उभा राहिला. नाव मॅक्लाउड, शेतकरी माणूस. त्याला जर्मन येईना, म्हणून दिनकर मध्ये पडला.

पंचेचाळीसच्या फेब्रुवारीत, सगळा मुलूख पुराखाली असताना, कॅनेडियन सैन्य पाण्यात चालणाऱ्या गाड्यांतून इथे आलं होतं. त्या लढाईत मॅक्लाउडचा धाकटा भाऊ मारला गेला. याच घरामागे सफरचंदाच्या झाडाखाली त्याला तात्पुरतं पुरलं. मग हॉलंडच्या दफनभूमीत नेलं. आपली माणसं जर्मन मातीत ठेवायची नाहीत, असं कॅनेडियनांचं ठरलं होतं.

"तिकडचा दगड पाहिला," मॅक्लाउड म्हणाला. "पण आई झाडाबद्दल विचारते. ऐंशीची आहे. तिला काय सांगू?"

बाई दार अडवून उभ्या. "त्यांच्या तोफांनी माझं छप्पर नेलं. झाड बघायला मिळणार नाही, सांगा त्याला."

दिनकरने जमेल तेवढं मऊ करून सांगितलं. मॅक्लाउडने टोपी चढवली. "बरोबर आहे त्यांचं. जातो म्हणावं."

आणि दिनकरच्या तोंडून सवयीने निघालं, "एर कोम्ट." तो येतो.

"येतो? मी नाही म्हटलं ना!" बाई कडाडल्या. मग थबकल्या. "थांबा. हे तुमचं ‘येतो’ की आमचं?"

दिनकर ओशाळला. "आमचं. चुकून गेलं. तो निघालाय."

"म्हणजे परत येणार."

"आमच्या हिशेबाने, हो."

बाई बराच वेळ त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघत राहिल्या. "मग दोन खेपा कशाला? आत्ताच येऊ दे. बूट पुसायला सांगा."

मागे झाड फुलांनी पांढरं झालं होतं. अख्ख्या आवारात ते एकच.

"लढाईनंतरच्या थंडीत मी कुंपण जाळलं, कपाट जाळलं, बाकीची झाडंही," बाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "हे ठेवलं. खाली कुणाचा तरी मुलगा झोपला होता."

दिनकरने या वेळी काही मऊ केलं नाही. जसंच्या तसं सांगितलं. मॅक्लाउडने खोडावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. बाई आत जाऊन सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी घेऊन आल्या. "त्याच्या आईला."

निघताना त्याने दिनकरला हळूच काहीतरी विचारलं, मग अडखळत म्हणाला, "इश कोमं."

"या," बाई म्हणाल्या.

सोमवारी सकाळी दिनकरने सायकल काढली. फाटकाशी थांबला. मग मागे वळून ओरडला, "इश कोमं!"

"कुणाचं?" आतून आवाज आला.

"आमचं!"

"मग या. बटाटे शिजवून ठेवते."